बंदोबस्ताला उभी असलेली माणसं

पोलिसांविषयी माझ्या मनात जे होतं त्याला नुसता राग म्हणता येणार नाही. राग एखाद्या प्रसंगाचा असतो आणि कालांतराने निवतो. माझ्या मनात एक पक्की वाटणी होती. रस्त्याच्या या बाजूला आपण, आपल्या कामाचा मोबदला मागणारे. त्या बाजूला ते, काठी हातात घेतलेले. त्या बाजूचा माणूस महिन्याला पगार घेतो, त्याचाही ओव्हरटाइम बुडतो, त्याच्याही घरी दूधवाल्याचं बिल थकतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण त्या माहितीचा माझ्या विचारांवर काडीचाही परिणाम होत नव्हता.

मी नायगावात वाढले. पोलीस मुख्यालयाचं मैदान हाकेच्या अंतरावर. पहाटे कवायतीचे आवाज ऐकत आम्ही अभ्यासाला उठायचो. आमच्या आणि आसपासच्या चाळींत गिरणीतले लोक होते, तसे पोलीसही होते. दोघंही सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा एकाच मुलुखातून आलेले. एका घरातला थोरला साच्यावर आणि धाकटा पोलिसात, असंही असायचं. तरीही आमच्या घरात पोलिसांबद्दल बोलताना आवाज बदलायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या, त्याच्या गोष्टी आजीकडून इतक्यांदा ऐकल्या होत्या की त्या मी स्वतः पाहिल्यात असं वाटायचं. मामा गिरणीत होता. १९७४ च्या रेल्वे संपात संपकऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढल्याचं त्याने सांगितलं होतं, आणि ते काम कुणी केलं हे सांगताना तो थुंकला होता.

१९७९ मध्ये मी बँकेत कारकून म्हणून लागले आणि लगेच युनियनची सभासद झाले. पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला वाक्यं सुचायची. १९ जानेवारी १९८२ चा देशव्यापी संप हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा संप. आदल्याच दिवशी, १८ तारखेला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. फोर्टमधल्या बँका बंद, गिरण्यांचे भोंगे गप्प. अत्यावश्यक सेवांच्या नावाखाली संपावर बंदी घालणारा कायदा केंद्राने नुकताच आणला होता, त्याच्याविरुद्ध आम्ही घसा कोरडा होईपर्यंत ओरडलो. मग बातमी आली की तमिळनाडूत, तंजावर जिल्ह्यात, पोलिसांच्या गोळीबारात संपाला उतरलेले शेतमजूर मारले गेले. त्या रात्री मी जे पत्रक लिहिलं ते अजून आठवतं. त्यात पोलिसांसाठी वापरलेले शब्द मी आज इथे उतरवू शकत नाही. गोळीबाराचा निषेध करायलाच हवा होता. पण मी निषेध करून थांबले नाही. खाकीतला प्रत्येक माणूस मी त्या एका रात्रीत निकालात काढला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खुद्द मुंबईतले पोलीस रस्त्यावर आले.

आजच्या तरुणांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पोलिसांची संघटना होती. कामाचे ठरावीक तास, राहायला घरं, साहेबांच्या घरी भांडी घासायला आणि मुलांना शाळेत सोडायला लावणाऱ्या ऑर्डर्ली पद्धतीचा शेवट, अशा तिच्या मागण्या होत्या. स्वातंत्र्यदिनी शिपायांनी काळ्या फिती लावल्या. सरकारने संघटनेची मान्यता काढली, १८ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना पकडलं, आणि सकाळी शिपाई रस्त्यावर उतरले. लोकल अडल्या. संपातले गिरणी कामगारही त्यांच्यात मिसळले. दुकानं लुटली गेली, जाळपोळ झाली, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. नायगावात आमच्या खिडकीखालून लष्कराची गाडी जाताना मी पाहिली. आणि मला आनंद झाला होता. एवढंच खरं सांगायचं तर पुरे. आता कळेल यांना, असं मी मोठ्याने म्हणाले होते, आणि आईनेही मला अडवलं नव्हतं.

आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर एक शिपाई राहायचे. बडतर्फ झालेल्यांत ते होते. त्या दिवसांत आमच्या युनियनने गिरणी कामगारांच्या कुटुंबांसाठी धान्य गोळा केलं होतं. त्यातली काही पोती आमच्या घरी होती, आणि वाटपाची वही माझ्याकडे. एका दुपारी त्या शिपायांची बायको वर आली. दारातच उभी राहिली. थोडे तांदूळ मिळतील का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "वहिनी, हे संपवाल्यांसाठी आहे. मला हिशेब द्यावा लागतो."

त्या म्हणाल्या, "आमचे हेही संपालाच गेले होते ना, ताई."

मी म्हटलं, "तो संप नव्हता."

त्या गेल्या. मी वही मिटली. मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. उलट आपण तत्त्वाला धरून वागलो, असंच वाटलं. पुढे ते कुटुंब गावी गेलं. कोणत्या गावी, हेही मी कधी विचारलं नाही. चोवीस वर्षांची होते, असं म्हणून स्वतःला सोडवता येईल. पण पुढची कितीतरी वर्षं मी चोवीसची नव्हते आणि तरीही ते उत्तर मला बरोबरच वाटत राहिलं.

मधल्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संप झाले, मोर्चे निघाले, मग मोर्चे आझाद मैदानाच्या कुंपणात बसवले गेले. ९१ नंतर दर काही वर्षांनी देशव्यापी संप व्हायचा आणि दर वेळी मुंबई पूर्वीपेक्षा थोडी कमी थांबायची. गिरण्या गेल्या. आमच्या सभांमध्ये समोर बसलेल्यांचे केस पिकत गेले. माझ्या भाषणांत मात्र पोलिसांवरचं एक वाक्य ठरलेलं असायचं आणि त्याला टाळ्या ठरलेल्या असायच्या. बाजूला उभे असलेले शिपाई ते ऐकायचे. त्यांच्याकडे पाहून बोलायची मला हौस होती.

२०१९ च्या ८ आणि ९ जानेवारीला केंद्रीय कामगार संघटनांनी देशव्यापी संप पुकारला. त्याच ८ तारखेला मुंबईत बेस्टचे कामगार आपल्या मागण्यांसाठी बेमुदत संपावर गेले. तो संप पुढे नऊ दिवस चालला. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण बँकांचाही संप होता आणि घरी बसवेना. बारा मागण्यांच्या पत्रकांचा गठ्ठा पिशवीत टाकून मी दादरकडच्या एका आगाराच्या फाटकाशी गेले. रस्ता ओळखू येत नव्हता. लाल बस नसली की या शहराची किती माणसं उघडी पडतात ते त्या दिवशी दिसलं. थांब्यांवर सवयीने रांगा लागल्या होत्या आणि हळूहळू विरत होत्या. टॅक्सीवाले पाच-पाच माणसं कोंबत होते. डबेवाल्या बायका, शाळेची मुलं, रुग्णालयात निघालेली म्हातारी जोडपी फुटपाथवरून चालत होती. काही जण आमच्याकडे बघून शिव्या देत होते, काही जण थांबून विचारत होते, पगार खरंच वेळेवर होत नाहीत का हो तुमचे?

फाटकाबाहेर ड्रायव्हर-कंडक्टर बसले होते. महिला कंडक्टरही होत्या. फाटकाच्या दोन्ही बाजूंना बंदोबस्त. एखादी बस बाहेर काढायची ठरलीच तर तिला वाट करून द्यायला ते उभे होते. बस एकही निघाली नाही.

अकराच्या सुमारास एक महिला शिपाई माझ्याजवळ आली. तिशीची असेल. हळू आवाजात म्हणाली, "काकू, इथे जवळपास बाथरूम कुठे आहे?"

मी काय उत्तर दिलं ते लिहिताना आजही हात अडखळतो. मी म्हटलं, "फाटक तर तुमच्याच ताब्यात आहे. आत जा की."

ती काही बोलली नाही. तिला ठरवून दिलेली जागा सोडून आत जाता येत नव्हतं की आत सोय नव्हती, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. शेजारी बसलेल्या एका महिला कंडक्टरने ते ऐकलं. ती लगेच उठली, साडीवरची धूळ झटकली, "चल गं माझ्याबरोबर" म्हणाली आणि तिला समोरच्या इमारतीत घेऊन गेली. तिथल्या कुणाशी तरी संपाच्या बायकांनी सकाळीच बोलून ठेवलं होतं. ड्यूटीवर असलेल्या पोलिसाला असं संपकरी बाईने हाताला धरून न्यावं याचं तिथे कुणालाच काही वाटलं नाही. फक्त मला वाटलं.

त्या परत आल्या त्या गप्पा मारतच. कंडक्टर सांगत होती की सकाळी गाडीवर चढायच्या आधी ती पाणीच पीत नाही, शेवटच्या थांब्यावर सोय असेलच असं नसतं. शिपाई म्हणाली, आमचंही तेच, गणपतीच्या बंदोबस्तात तर दिवसभर तोंडात पाणी नाही. मी जन्मभर बँकेत काम केलं. टेबल, पंखा आणि स्वच्छतागृह असलेल्या नोकरीत. कामगारांच्या हलाखीवर मी शेकडो पानं लिहिली, पण पाणी न पिता ड्यूटी करणं म्हणजे काय हे त्या दोघींना एकमेकींना समजावून सांगावं लागत नव्हतं, आणि ते समजावून सांगितलं असतं तरी मला पुरतं कळलं नसतं.

मग त्या शिपाईने माझ्या हातातलं पत्रक मागितलं. मी क्षणभर कचरले. पोलिसांत असंतोष पसरवणं हा १९२२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे युनियनच्या जुन्या लोकांनी आम्हाला पढवलेलं. पण तिने हात पुढे केला होता, मी दिलं. ती उभ्या-उभ्या वाचू लागली, अगदी सावकाश, परीक्षेचा पेपर वाचावा तशी. किमान वेतन अठरा हजार. कंत्राटी कामगारांना समान कामाला समान दाम. सर्वांना सामाजिक सुरक्षा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे ठराव सरकारने मान्य करावेत, म्हणजे संघटना बांधण्याचा आणि वाटाघाटी करण्याचा हक्क. तिने तिथे बोट ठेवलं.

"यात आम्ही बसतो का, काकू?"

"तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे," मी म्हटलं. १९६६ चा. घटनेच्या ३३ व्या कलमाचा आधार घेऊन केलेला. मला तो तोंडपाठ होता आणि मी तो तिला सांगितला: परवानगीशिवाय पोलिसांना कुठल्याही कामगार संघटनेत जाता येत नाही, मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"म्हणजे बोलायचंच नाही," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, खातरजमा करून घेत होती. मग पत्रकाची घडी घालता घालता म्हणाली, "तुमचा संप दोन दिवसांचा. माझी साप्ताहिक सुट्टी उद्या होती, ती त्याच्यात गेली. सकाळी सातला आलेय, सोडतील कधी ते वरून कळेल. आणि आज बस नाही, म्हणजे घरी पोचणार कधी तेही नाही सांगता येत. तुमचं चुकतंय असं नाही म्हणत मी. तुम्ही मागा. पण आमची सुट्टी यात कुठेच नाही ना."

मला उत्तर सुचलं नाही. वाक्यं सुचतात म्हणून जिला युनियनने पत्रकं लिहायला बसवलं होतं तिला सुचलं नाही. मी तिथे उभी होते आणि मनात हिशेब मांडला जात होता, जो मी आधी कधीच मांडला नव्हता. आमचा प्रत्येक संप, आठ तासांच्या कामासाठी, रजेसाठी, माणसासारखं जगण्यासाठी केलेला प्रत्येक मोर्चा, कुणाच्या तरी सोळा तासांच्या ड्यूटीवर उभा होता. आम्ही संपाची नोटीस दिली की पोलीस ठाण्यांत रजा रद्द व्हायच्या. हे मला माहीत असायचं. सभेत आम्ही ते अभिमानाने सांगायचो, बघा सरकार किती घाबरलंय.

तिला साहेबांनी हाक मारली, ती आपल्या जागेवर गेली. दुपारी मी निघाले तेव्हा ती उन्हात उभी होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

त्या रात्री मला आमच्या चाळीतल्या वहिनी आठवल्या. इतक्या वर्षांत आठवल्या नव्हत्या असं नाही, पण आठवायच्या त्या मी बरोबर वागल्याचा दाखला म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा त्यांचं वाक्य त्यांच्या बाजूने ऐकू आलं. आमचे हेही संपालाच गेले होते. हे सांगायला त्या आल्या नव्हत्या, तांदूळ मागायला आल्या होत्या. पण मला कळावं म्हणून त्यांनी तेही सांगून पाहिलं. आणि पोत्यांच्या मध्ये बसून, दुसऱ्यांनी दिलेल्या धान्याची राखण करत, कोणाची भूक कामगाराची आणि कोणाची नाही हे मी ठरवलं. असं वागणाऱ्या मालकांवर मी पत्रकं लिहिली आहेत.

मग मी वाचायला बसले. जे आधीच वाचायला हवं होतं ते. १९७३ चं उत्तर प्रदेशातल्या पीएसीचं, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलीस दलाचं बंड, १९७९ मध्ये पंजाबापासून सुरू होऊन अनेक राज्यांत पसरलेलं पोलिसांचं आंदोलन, बोकारोत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांवर लष्कराने केलेली कारवाई. त्याच वर्षी धर्मवीरांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्या अहवालात शिपायांचे कामाचे तास, घरं, ऑर्डर्ली पद्धत आणि गाऱ्हाणी मांडण्याची व्यवस्था यांवरच भर दिला होता. म्हणजे मुंबईतले शिपाई तीन वर्षांनी जे मागत होते ते सरकारच्याच आयोगाने लिहून ठेवलेलं होतं. मी ते गुंडांचं बंड समजत होते.

याचा अर्थ १८ ऑगस्टला जे झालं ते चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. दुकानं लुटली गेलेल्यांना शिपायांच्या मागण्यांशी काय देणंघेणं होतं? पोलीसच कामावर नसतील तर शहराचं काय होतं हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे. १९१९ मध्ये लिव्हरपूलला पोलिसांचा संप झाला तेव्हाही लूटमार झाली आणि लष्कर आलं. पण तिथल्या सरकारने त्याच वर्षी कायदा करून पोलिसांच्या संपावर बंदी घालताना त्यांचं म्हणणं मांडायला एक अधिकृत फेडरेशनही दिलं. संपकऱ्यांना कामावर मात्र परत घेतलं नाही, ती क्रूरता तिथेही होतीच. आपल्याकडे केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे आणि केरळ काही कोसळलेलं नाही. महाराष्ट्रात १९८२ ला जे तोंड बंद झालं ते बंदच राहिलं. संप करू न देणं आणि बोलू न देणं यातलं अंतर मी कामगार चळवळीत राहूनही कधी मोजलं नाही.

चांगलं जे थोडं झालं तेही एका शिपायानेच केलं. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने मनुष्यबळ तेवढंच ठेवून आठ तासांच्या पाळ्या कशा बसवता येतील याचं गणित मांडलं. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ते मनावर घेतलं आणि प्रयोग सुरू झाला. २०२२ च्या जानेवारीत महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्यूटीचा आदेश राज्यभर निघाला. बंदोबस्त लागला की हे सगळं गुंडाळलं जातं, हे मला आता पोलिसांच्या बायकांकडून कळतं. त्यांच्याशी बोलायला मी आता जाते.

मार्च २०२२ च्या दोन दिवसांच्या संपाआधी आमच्या तयारीच्या बैठकीत मी एक ओळ सुचवली: पोलीस कर्मचाऱ्यांना ठरावीक कामाचे तास, आणि गाऱ्हाणी मांडायला त्यांनीच निवडलेली समिती. सगळे गप्प झाले. मग माझ्याच वयाचा एक सहकारी, ज्याच्या खांद्याचं हाड एका मोर्चात मोडलेलं आहे आणि अजून दुखतं, तो म्हणाला, "ताई, त्यांना आठ तास मिळवून द्यायचे, म्हणजे ताजेतवाने होऊन आपल्याला मारतील." कुणी हसलं नाही. त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा खांदा खरा आहे. तंजावरचे शेतमजूर खरे आहेत. काठी ज्याच्या हातात असते त्याच्यावर जबाबदारी राहतेच, त्याची सुट्टी बुडाली म्हणून ती कमी होत नाही. पण गप्प बसवलेला, थकलेला, कुणालाच विचारू न शकणारा माणूसच हुकूम निघताच डोळे मिटून काठी चालवतो, असंही मला आता वाटतं, आणि हे मी त्याच्या खांद्याकडे बघून सांगू शकले नाही. ओळ पत्रकात आली नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात चार कामगार संहिता लागू झाल्या. संपाच्या नोटिशीची अट आता सगळ्याच उद्योगांना. आमच्या बैठका पुन्हा सुरू आहेत आणि ती ओळ मी पुन्हा मांडली आहे, या वेळी आणखी एक जोडून: जिथे बंदोबस्त लागेल तिथे महिला पोलिसांसाठी स्वच्छतागृहाची गाडी. दुसरी मागणी लगेच मान्य झाली. पहिलीवर वाद चालू आहे, आणि खांदा दुखणारा माझा मित्र अजून विरोधात आहे. पुढच्या बैठकीला त्याच्या शेजारी बसून बोलायचं, असं ठरवलंय.